एकनाथराव किती वाजता गेले

रोशनी एकनाथरावांना चांगली ओळखत होती. त्यांना ती कधी भेटली नव्हती, ही गोष्ट वेगळी. ते वारल्यावर त्यांचा मेंदू संस्थेत आला, सहा महिने बरणीत मुरला आणि गेले आठ महिने ती त्याचे केसाहून पातळ काप करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघत होती. एखाद्याला इतकं जवळून बघितल्यावर ओळख नाही म्हणणं बरं दिसत नाही.

कागदोपत्री ते नमुना क्रमांक एकोणीस होते. वय चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातले निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार कोठी, हैदराबाद. मेंदूदानाचा फॉर्म त्यांनी हयातीत स्वतःच्या हातानं, नकाशावर लिहावं तशा सुबक अक्षरात भरला होता. दान करण्याचं कारण असा एक रकाना त्यात असतो. लोक तिथे 'समाजसेवा' लिहितात, नाहीतर रेघ मारतात. एकनाथरावांनी लिहिलं होतं, 'सत्तरीनंतर मेंदूत नवीन पेशी होतात की नाही याबद्दल घरात वाद आहे. निकाल कळवावा.' नियमाप्रमाणे रोशनीला नमुन्याचं नाव कळायला नको. पण निकाल कळवावा म्हटल्यावर नाव-पत्ता लागतोच, त्यामुळे फाईल तिच्याकडे आली होती.

फॉर्मला एक पुरवणीही जोडली होती. सगळा जन्म हैदराबादेत गेला, घरात मराठी आणि बाहेर दखनी बोलून भागलं, तेलुगू कामापुरतं कळायचं, वाचता मात्र कधी आलं नाही. एकाहत्तराव्या वर्षी पहिलीचं पुस्तक आणलं. आता बसची पाटी आणि पेपरातले मथळे वाचतो. हे नवीन पेशींशिवाय होणं शक्य नाही असं माझं मत आहे. हे नुसतं पाठांतर आहे असं सौ. चं मत आहे. खाली सही आणि तारीख.

आता या वादात सगळं जगच पडलेलं आहे, हे बिचाऱ्या सौ. ना माहीत नसावं. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो, आठवणींचं बरंचसं काम तिथे चालतं. त्याच्या कडेला मूळ पेशी बसून असतात आणि त्यांच्यातून नव्या पेशी जन्माला येतात. उंदराच्या बाबतीत हे आता कुणी नाकारत नाही. म्हातारा उंदीरही थोड्याफार नव्या पेशी तयार करतो. माणसाचं काय, यावर मात्र शहाणी माणसं एकमेकांचे पेपर फाडत बसलेली आहेत. रोशनीचं काम साधं होतं. कोवळ्या पेशीत एक विशिष्ट प्रथिन असतं, त्याला हिरवा रंग चढवायचा आणि हिरवे ठिपके मोजायचे. अडचण एवढीच की माणूस गेला की ते प्रथिन विरायला लागतं. मेंदू फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे टिकवायच्या द्रावणात, बुडेपर्यंत जितका उशीर, तितके ठिपके कमी. पेशी नसतात असं नाही, दिसत नाहीत.

म्हणून तिच्या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा होता तो तासांचा. चोवीस नमुन्यांपैकी जे पाच तासांच्या आत फॉर्मॅलिनमध्ये गेले त्या सगळ्यांत हिरवे ठिपके होते. नऊ तासांनंतरच्या एकातही नव्हते. अपवाद फक्त एकोणीस नंबरचा. मृत्यू सकाळी अकरा दहा, फॉर्मॅलिन दुपारी तीन. चार तासही नाहीत, आणि ठिपका एकही नाही. रोशनीनं तीनदा नव्यानं रंगवून बघितलं. तिन्ही वेळा एकनाथराव काळेकुट्ट निघाले.

तिचे सर मात्र खूश होते. माणसाच्या मेंदूत म्हातारपणी काही नवीन होत नाही, असं ते वीस वर्षं सांगत आले होते आणि स्वतःकडे बघूनच सांगत असावेत. "उशिराचं कारण इथं चालत नाही," ते म्हणाले. "लवकर आलेल्यांत सत्तरीपुढचा हा एकच. एकोणीस नंबर हाच आपला पेपर आहे. शुक्रवारी पाठवून टाकू. आणि त्या घरच्यांना पत्र लिहून टाक, पेशी आढळल्या नाहीत म्हणून." रोशनीनं पत्र टाईप केलं. एका ओळीचंच होतं. पण ते पाकिटात घालताना तिला वाईट वाटलं. म्हाताऱ्यानं एवढं पहिलीचं पुस्तक आणून वाद घातला आणि शेवटी तो हरला, हे तिला आवडलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती सिकंदराबादला आपल्या घरी होती. तिचे वडील तातेराव रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि बिरादरीत कुणाचं काही बरंवाईट झालं की पहिला फोन त्यांना येई. त्या दिवशी शेजारच्या ब्लॉकमधल्या विठाबाई गेल्या होत्या. तातेराव त्यांच्या मुलाला, संघपालला, परभणीला फोन लावून बसले होते.

"जयभीम. संघपाल, आईची तब्येत जरा सीरियस आहे. नाही, नाही, बोलायलीय. म्हणजे मघाशी बोलली. तू निघ. गाडी स्वतः चालवू नको, ड्रायव्हर घे."

फोन ठेवून ते चहाकडे वळले. रोशनी त्यांच्याकडे बघत राहिली.

"पप्पा, विठाआजी तर गेली ना?"

"दोन तास झाले."

"मग बोलतेय काय म्हणून सांगितलं?"

"पाच-सहा तासांचा रस्ता आहे पोराला," तातेराव म्हणाले. "आई गेली हे डोक्यात घेऊन तो गाडीत बसणार, त्यापेक्षा सीरियस आहे म्हणून बसलेला बरा. इथं पोचला की मग सांगायचं, आत्ताच गेली."

"आणि वेळ कुठली लिहायची?"

"कुठं लिहायची आहे वेळ?" तातेरावांनी विचारलं. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न तिथेच संपला होता.

रोशनीनं कप खाली ठेवला. विठाआजीच्या मांडीवर ती लहानपणी झोपलेली होती. आजी दोन जिने पलीकडे मरून पडली होती, आणि रोशनीच्या डोक्यात मात्र एकोणीस नंबरचा तक्ता फिरत होता. तिला स्वतःची लाज वाटली. तशीच उठून ती आजीपाशी जाऊन बसली, पण तक्ता काही गेला नाही.

मंगळवारी ती पत्र पोस्टात न टाकता स्वतःच घेऊन कोठीला गेली. पुस्तकांच्या दुकानांवरच्या तिसऱ्या मजल्यावर घर होतं. एकनाथरावांच्या पत्नी सुशीलाबाईंनी दार उघडलं. मुलगा कुलदीप गळ्यात हेडफोन अडकवून बाहेरच्या खोलीतच ऑफिसचं काम करत होता. आतल्या खोलीत एकनाथरावांची थोरली बहीण भामाबाई झोपल्या होत्या. त्या देगलूरच्या, वय ऐंशी, गुडघे दाखवायला कोठीतल्या डॉक्टरकडे आलेल्या आणि पंधरा दिवसांसाठी मुक्कामी.

सुशीलाबाईंनी चहा ठेवला. गाव विचारलं, मग जिल्हा, मग तालुका. पुढे काही विचारलं नाही, म्हणजे हवं ते कळलं होतं. चहा मात्र चांगल्या कपात आला, हे रोशनीनं नोंदवून ठेवलं. अशा नोंदी करायची सवय तिला प्रयोगशाळेच्या आधीपासूनची होती.

"काकू, काका किती वाजता गेले?"

"अकरा दहा," सुशीलाबाई म्हणाल्या.

"अकरा दहा," स्क्रीनवरून मान न उचलता कुलदीप म्हणाला.

मयताच्या बऱ्याच घरांत रोशनी वडिलांबरोबर जाऊन आली होती. माणसं 'सकाळच्या सुमारास' म्हणतात, 'दूरदर्शनच्या बातम्या लागल्या होत्या' म्हणतात, आपसात भांडतात. मिनिटासकट एकमत असलेलं घर तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

सुशीलाबाईंनी पुढची हकिकतही सांगितली. ती बऱ्याच वेळा सांगून गुळगुळीत झालेली होती. आक्का देगलूरहून आल्या, उशाशी बसल्या, तुळशीचं पाणी तोंडात घातलं. दोन थेंब आत गेले आणि ह्यांनी मान टाकली. बहिणीसाठीच जीव धरून होते. सगळ्या नातेवाइकांत आता हेच सांगतात.

रोशनीनं पत्र पुढे केलं. कुलदीपनं ते घेतलं, चाचपडत दोन शब्द वाचले आणि आईला दिलं. मराठी वाचायचं काम त्या घरात आईकडे होतं. सुशीलाबाईंनी चष्मा लावून एक ओळ वाचली.

"म्हणजे मी जिंकले," त्या म्हणाल्या. जिंकलेल्या माणसासारख्या त्या दिसत नव्हत्या. "तीन वर्षं रोज पहाटे पाचला उठून अ आ गिरवायचे. मला वाटायचं, असेल बाई काहीतरी. त्यांच्या तोंडावर म्हटलं नाही कधी, एवढंच."

"काकू, हा निकाल खरा आहे, पण काका अकरा दहाला गेले असतील तरच," रोशनी म्हणाली. तिनं प्रथिनाचं आणि तासांचं सगळं समजावून सांगितलं. "ते त्याच्या बरेच आधी गेले असतील, तर पेशी होत्या की नव्हत्या हे सांगताच येत नाही. मग आम्ही खोटं छापतोय."

कुलदीप उठला आणि त्यानं आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. एवढ्यानं खरं म्हणजे उत्तर मिळालं होतं.

"मॅडम, जरा हळू बोला," तो म्हणाला.

रोशनीनं परवाचा तातेरावांचा फोन सांगितला. सुशीलाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या.

"तुमच्यातही करतात असं?"

"सगळ्यांच्यातच करतात, काकू."

मग कुलदीपनंच सांगून टाकलं. नाना, म्हणजे त्याचे वडील, पहाटेच गेले होते. त्यानं सहाला आत्याला फोन केला, नाना सीरियस आहेत, निघा. आत्याचं वय बघता दुसरं काय सांगणार? संस्थेला तेव्हाच कळवलं असतं तर गाडी येऊन नानांना घेऊन गेली असती, आणि आत्या चार-पाच तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून रिकाम्या पलंगापाशी पोचली असती. म्हणून नानांना गळ्यापर्यंत रजई घातली. कुशीवर वळवून चेहरा भिंतीकडे केला. आत्या हात हातात घेणार हे उघड होतं, म्हणून रजईत हाताशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवली. ती दोनदा बदलली.

रोशनीला विचारायचं नव्हतं, पण विचारावं लागलं. उष्णतेनं प्रथिन आणखी लवकर विरतं.

"पिशवी डोक्याजवळ होती का?"

"नाही. फक्त हाताला," कुलदीप म्हणाला. त्यानं हे फॉर्म भरत असल्यासारखं सांगितलं.

"मग मी वेळ दुरुस्त करून घेते. तुमची एक सही लागेल."

"नको," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांनी पत्राची घडी घातली. "छापा तुम्हाला काय छापायचं ते. पेशी नव्हत्या म्हणून छापा. हे काय आता भांडायला येणार आहेत? आक्का अजून आहेत. भावानं आपल्या हातचं पाणी पिऊन डोळे मिटले, यावर त्या जगायल्यात. मेलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं हे त्यांना या वयात कोण सांगणार? तू सांगतेस का, बाळा?"

रोशनी सांगणार नव्हती. तिनं बॅगेतला दुरुस्तीचा फॉर्म बाहेर काढलेला होता, तो तिच्या मांडीवर तसाच राहिला. शुक्रवारी पेपर जाणार, सर खूश, काकूंचं घर शांत, आत्या समाधानी. एकटे एकनाथराव तेवढे हरणार, आणि तेही खोट्या वेळेमुळे. आठ महिने ज्याच्याकडे रोज बघितलं त्या माणसासाठी आपल्याला एवढंही करता येत नाही, याचा तिला राग आला होता.

आतलं दार उघडलं. भामाबाई काठी टेकत बाहेर आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"दार लावलं की मला जास्त ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "लिही गं पोरी. मी आले तवा एकनाथ गेलेला होता."

कुलदीपच्या गळ्यातल्या हेडफोनमधून ऑफिसमधलं कुणीतरी बारीक आवाजात बोलत राहिलं.

"आक्का, तुम्हाला कसं..."

"बोटं गरम अन् कोपर गार. असला ताप असतो का कुठं? घरातली चार मढी धुतलीत मी, सुशीला. मला येड्यात काढायलाव का?"

"मग पाणी का घातलंत?" सुशीलाबाईंचा आवाज एकदम चढला. "दोन थेंब आत गेले म्हणालात."

"बाहेर आले ते पदरानं पुसले. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडं बघत हुबे. पोरानं पिशवी भरलेली, रजई घातलेली. एवढी तयारी केल्यावर नको कसं म्हणायचं?" भामाबाईंनी काठी भिंतीला टेकवली. "अन् एकनाथनं मला फोनवर सांगून ठेवलं होतं. आक्का, मी गेलो की मला जल्दी न्यायला लाव, उशीर झाला तर डोकं कामाचं राहत नाही म्हणे. म्हणून पाणी घातलं अन् लगेच म्हटलं, गेला. तुमच्यावर सोडलं असतं तर दुपारपर्यंत जित्ता ठेवला असता त्याला."

कुलदीपनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "आत्या, आम्ही तुझ्यासाठीच थांबलो होतो."

"ते कळलं मला. फोनवरच खरं सांगितलं असतंस, तर म्हटलं असतं, माझी वाट बघू नका, न्या त्याला. माझं काय, मी रस्त्यात रडले असते."

रोशनीनं मनात हिशोब केला. सहाला गाडी बोलावली असती तर दहाच्या आत मेंदू फॉर्मॅलिनमध्ये गेला असता. एकनाथरावांना त्यांचा निकाल मिळाला असता, हो किंवा नाही. तिनं हे बोलून दाखवलं नाही. कुलदीपनंही तोच हिशोब केला होता, त्याच्या चेहऱ्यावरून ते कळत होतं.

"मग आता निकाल काय?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही, एवढाच. पेशी असतील, नसतील. फार उशीर झाला होता."

"म्हणजे आमचा वाद तसाच राहिला."

"हो, काकू."

सुशीलाबाईंनी मान हलवली. त्या नाराज झाल्या नसाव्यात. त्यांनी ते एका ओळीचं पत्र रोशनीला परत दिलं. शुक्रवारचा पेपर आता जात नव्हता, आणि सर दोन दिवस बोलणार नव्हते, हे रोशनीच्या तेव्हाच लक्षात आलं. तिनं पेनाचं टोपण काढलं.

"खरी वेळ सांगा."

"सहाच्या सुमारास," कुलदीप म्हणाला. "आईनं मला सहाला उठवलं."

"पाच चाळीस," सुशीलाबाई म्हणाल्या.

कुलदीपनं वळून आईकडे बघितलं. "मग वीस मिनिटं?"

"मी त्यांच्यापाशी बसले होते."

हे त्यानं आजच ऐकलं होतं. भामाबाईंनीही. रोशनीनं 'पाच चाळीस' लिहिलं आणि पेन तसंच धरून ठेवलं, कारण सुशीलाबाईंचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"दूध आलं होतं. रोज त्या दुधाच्या पिशवीवरचं तेलुगू मला वाचून दाखवायचे, मुद्दाम, मला खिजवायला. मी म्हणायचे, रोज तेच लिहिलेलं असतं, पाठ झालंय तुम्हाला. त्या दिवशी नाव वाचलं. किती मिली ते वाचलं. पुढं वाचेनात. मला वाटलं, एखादं अक्षर अडलं असेल." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालं होतं, पण मी सांगितलं नाही. सांगितलं की चिडायचे. आपलं आपण आठवू द्या म्हणायचे. म्हणून मी गप्प बसून राहिले. आठवेल म्हणून."

अकरा दहाची हकिकत चौदा महिने सगळ्या नातेवाइकांत फिरत होती आणि तिच्यात सुशीलाबाई कुठेतरी मागे, दाराशी उभ्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं.

फॉर्मवर पुढचा रकाना होता. मृत्यूसमयी जवळ कोण होते? जुन्या फॉर्मवर कुलदीपच्या अक्षरात 'भामाबाई, बहीण' असं लिहिलेलं होतं. रोशनीनं तो प्रश्न वाचून दाखवला. नियमाप्रमाणे वाचून दाखवावा लागतो.

भामाबाईंनी सुशीलाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सांग की."

"मी," सुशीलाबाई म्हणाल्या. "मी एकटी होते." आणि मग त्या पदर तोंडाला लावून, नवरा आत्ताच गेल्यासारख्या रडायला लागल्या.